सकाळचा पहिला नमुना

सरांनी मला नोकरीवर घेताना एकच प्रश्न विचारला होता.

"सकाळी उठल्यावर सगळ्यांत आधी काय करतेस?"

"चहा पिते," मी म्हटलं.

"त्याच्या आधी?"

"दात घासते."

"त्याच्याही आधी?"

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. कानापर्यंत गरम झाले आणि "देवाला नमस्कार करते," असं ठोकून दिलं.  सर म्हणाले, "ज्या गोष्टीचं नाव तुझ्या तोंडातून निघत नाही, तिच्यावरच तुला इथे काम करायचं आहे. उद्यापासून ये."

घरी येऊन मी सांगितलं की माणूस सटकलेला आहे. बाबा सांगलीकडून देवासच्या कारखान्यात नोकरीसाठी आलेले, त्यांना सटकलेल्या साहेबांची सवय होती. ते म्हणाले, "जाऊन तर बघ." मी गेले, आणि सहा वर्षं गेले.

सर देवासच्या कॉलेजात जन्मभर जीवरसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. निवृत्त माणसं बागकाम धरतात, गीता धरतात. सरांनी लघवी धरली. कंपवातासारखा मेंदूचा आजार हात थरथरायला लागल्यावर लक्षात येतो, पण आत त्याचं काम कितीतरी वर्षं आधीपासून चालू असतं. त्या वर्षांत शरीर कुठेतरी चुगली करत असणारच, असं सरांचं म्हणणं. ती चुगली म्हणजे एखादं वेगळं प्रथिन, आणि ते सकाळच्या पहिल्या लघवीत सापडेल असा त्यांचा विश्वास होता. इंदूरच्या एका संस्थेकडे प्रथिनं ओळखायचं यंत्र होतं. देवास आणि धार जिल्ह्यांतून नमुने गोळा करून गोठवायचे आम्ही, आणि यंत्रात घालायचे त्यांनी, अशी वाटणी होती.

"पण सर, रक्तात का नाही बघत?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. रक्ताचं काम म्हणजे निदान चारचौघांत सांगता येण्यासारखं तरी होतं.

"रक्त घरंदाज असतं," सर म्हणाले. "घरात भांड्यांची आदळआपट चालली तरी ते दारात हसून उभं राहतं. मूत्रपिंडं त्याला सारखी नीटनेटकी करत असतात ना. जे नको, जे वेगळं, ते मागच्या दारानं बाहेर. आपण मागच्या दाराशी उभं राहायचं."

तर आम्ही मागच्या दाराशी उभे राहिलो. परक्यांसमोर सर लघवीला 'नमुना' म्हणत आणि आमच्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत 'पाहुणे'. "हाटपिपल्याचे पाहुणे आले का?" "राजगढच्या आजीबाई आज जरा गढूळ वाटतात." उणे ऐंशी अंशांचा एक डीप फ्रीझर होता, त्याच्या वरच्या कप्प्याला ते थोरली पाती म्हणत आणि खालच्याला धाकटी पाती. देवासमध्ये पूर्वी दोन राज्यं होती, त्यांची ही नावं. सरांचं घराणं थोरल्या पातीचं. राज्यं जाऊन किती पिढ्या झाल्या, पण देवासचे पाहुणे वर आणि बाकी सगळे खाली, यात बदल नाही. धारला राहणाऱ्या सख्ख्या थोरल्या भावाची बाटलीसुद्धा खालीच.

एकदा भर उन्हाळ्यात लाइट गेली आणि इन्व्हर्टरनंही मान टाकली. सरांनी वीज कार्यालयात फोन लावला. "अंदर मेरे दो सौ मेहमान हैं, गरमी से खराब हो जाएँगे," एवढंच बोलले आणि फोन ठेवला. वीस मिनिटांत अग्निशामक दलाची गाडी दारात. सरांनी त्यांना आदरानं आत नेलं आणि मेहमान दाखवले. जवानांनी चहा घेतला. लाइट मात्र त्यांच्यामुळेच लवकर आली असं सर शेवटपर्यंत मानत.

निवडणुकीच्या दिवसांत धारहून येताना आमची बस पोलिसांनी अडवली. सरांच्या मांडीवर बर्फ भरलेला थर्माकोलचा डबा होता. शिपायानं झाकण उघडलं. आत तीस बाटल्या, पिवळ्या.

"ये क्या है भिया? पहली धार की है क्या?"

"नहीं," सर अगदी गंभीरपणे म्हणाले. "पहली छोड़ देनी पड़ती है. बीच की ली है."

शिपायानं एक बाटली उघडून नाकाशी नेली. पुढचं मी सांगत नाही. आम्हाला सोडलं, आणि आमच्यामागे उभ्या असलेल्या चार गाड्यांनाही न तपासता सोडलं.

हे सगळं ऐकून लोक हसत आणि मीही हसे. पण सर हे कशासाठी करत होते ते मला माहीत होतं. त्यांचे वडील कंपवातानं गेले. तेव्हा घरात त्याला म्हातारपण म्हणत. मग धारला राहणारे थोरले भाऊ, दादा. दादा चित्रकलेचे मास्तर, हातानं सरळ रेघ ओढून पट्टी लावून बघायला सांगत. साठीत त्यांचा उजवा हात हलायला लागला. सर तिसरे. आपला नंबर आहे का, एवढं त्यांना जाणून घ्यायचं होतं, आणि त्याचीच त्यांना सगळ्यांत जास्त भीती होती. हे ते बोलत नसत, पण दादांकडे गेलो की परतताना बसमध्ये स्वतःची बोटं मांडीवर पसरून बघत बसत.

राजगढच्या एका किराणा दुकानदारानं त्यांना एकदा दारातच विचारलं होतं. "पता चल गया तो ठीक हो जाएगा क्या?"

"अभी तो नहीं."

"तो फिर बताओगे काहे को, मास्साब?"

नमुना न देता त्यानं दार लावलं.  चार दिवस सर चिडचिड करत होते. "किराणावाला," असं मधेच म्हणायचे, आणि माझ्या मराठीतल्या चुका काढायचे. माझी शाळा हिंदीतली. मी "भूलून गेले" म्हटलं की सर "विसरले" म्हणून दुरुस्त करत, मी पुन्हा भूलत असे. मी आज हे मराठीत लिहिते आहे त्याचा दोष त्यांचाच.

सरांचा स्वतःचाही नमुना कामात होता. प्रत्येकाला एक नंबर असायचा, बाटली आल्यावर तो मीच चिकटवायची, आणि कुठला नंबर कुणाचा हे फक्त माझ्या वहीत. सरांनीच तसं ठरवलं होतं. "अर्धंमुर्धं शास्त्र कुणाच्या घरात सोडायचं नाही. माझ्याही नाही. मी पाया पडलो तरी माझा नंबर मला सांगायचा नाही." तेवढ्यावर त्यांचा विश्वास बसेना. मला देवासच्या टेकडीवर घेऊन गेले. तिथे दोन देव्या, मोठी माता आणि छोटी माता. दोघींसमोर मला शपथ घ्यायला लावली. एकीपुढे पुरली नसती का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "मी स्वतःला ओळखतो. एकीला मी पटवीन."

पुढे इंदूरहून यादी आली. दादांच्या नमुन्यात जी प्रथिनं वेगळी दिसत होती, तशीच आणखी कुठल्या नंबरांत दिसतात त्याची. "साम्य आहे, आजार आहे असं नाही," हे सर मला दहादा म्हणाले, म्हणजे स्वतःलाच. यादी त्यांनी पाकिटात बंद करून टेबलाच्या खणात ठेवली. यादी त्यांच्याकडे, वही माझ्याकडे. दोन्ही एकत्र आल्या असत्या तर अर्ध्या मिनिटात निकाल लागला असता.

ते बरेच दिवस धीरानं राहिले. त्यांचा धीर मोडला तो धारच्या एका सासऱ्यांमुळे.

धारमध्ये एक जुनं मराठी घर होतं, दरबाराबरोबर आलेलं. पाच माणसं, पाच बाटल्या. आठवड्याभरानं इंदूरहून फोन आला. त्यांना नाव दिसत नाही, फक्त नंबर, वय आणि पुरुष की बाई. पलीकडचे शास्त्रज्ञ जरा चाचरत म्हणाले, "सर, आपके पचहत्तर साल के एक पुरुष गर्भवती हैं."

लघवीत एक प्रथिन असतं, ते बाईला दिवस राहिल्यावरच येतं. मी वही उघडली तर नंबर त्याच घराचा, आणि ते प्रथिन पाचही बाटल्यांत होतं. सरांनी तोंड धुतलं, टोपी घातली आणि आम्ही धारची बस पकडली.

त्या घरात सून डोक्यावरून पदर घेऊन आली. सरांनी आडवळणानं विचारायला सुरुवात केली, आणि दोन मिनिटांत ती रडायला लागली. "काय करू हो? मामंजींच्या हातात बाटली देऊन काय म्हणणार? ते सोवळ्यात. सासूबाईंना लाज. हे म्हणाले, मला ऑफिसला देर होते. आणि तुम्ही तर पाच सांगून गेलेले. मग मीच भरल्या, पाची. घरचंच तर आहे, म्हटलं."

एरवी सरांनी असल्या फसवणुकीवर घर डोक्यावर घेतलं असतं. पण ते हळूच म्हणाले, "मुली, तू डॉक्टरांकडे जाऊन ये. मला वाटतं, तुझ्याकडे बातमी आहे."

तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. पंचाहत्तर वर्षांच्या मामंजींना आपल्या बाटलीतून काय निघालं ते कुणीच सांगितलं नाही; नातू येणार एवढंच कळलं आणि त्यांनी उठून सरांना मिठी मारली. सोवळं गेलं, पुन्हा आंघोळ करावी लागली.

परतीच्या बसमध्ये सर खुशीत होते. "पाहिलंस? तिच्या आधी तिच्या लघवीला कळलं."  मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझा नंबर काय गं?"

"दोन देव्या आहेत सर," मी म्हटलं.

त्या दिवसापासून माझं जगणं त्यांनी कठीण केलं. वहीचं ऑडिट निघालं. वहीला वाळवी लागल्याची शंका निघाली. काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, श्रीखंडाचा डबा देऊन माझ्याकडे पाठवलं, काकूंनी डबा ठेवला आणि म्हणाल्या, "मला विचारायला सांगितलंय, मी विचारलं असं सांग." काकू मला फार आवडत. आयुष्यभर सरांच्या स्कूटरवर मागे एका बाजूला बसलेली बाई. बाजार असो, बँक असो, सर नेतील तेव्हाच जायचं. त्यात त्यांना वावगंही वाटत नसे.

मग बीट आलं. वर्षाचा नमुना द्यायचा होता, त्याच्या आदल्या दिवशी काकूंचा मला फोन. "अगं, आज तीनदा बीटची कोशिंबीर मागितली. रात्रीला पण कर म्हणाले. त्यांना तर बीट बघवत नाही." माझ्या डोक्यात उजेड पडला. बीट खाल्लं की लघवी लाल होते. फ्रीझरमधली लाल बाटली शोधायची, तिच्यावरचा नंबर वाचायचा, खणातली यादी उघडायची.

मला असा राग आला की सांगू नका. मी काकूंना म्हटलं, कोशिंबीर जरा जास्तच करा. त्या संध्याकाळी मी खाल्लं, काकूंनी खाल्लं, आमच्या चौकीदारानं भाकरीबरोबर वाडगाभर खाल्लं. आम्हा तिघांचेही नमुने कामात होतेच, आणि तेही त्याच सकाळी द्यायचे होते. दुसऱ्या दिवशी सर फ्रीझर उघडून उभे. आत तीन लाल बाटल्या. बीट प्रत्येकाच्या लघवीत उतरतंच असं नाही, म्हणजे आपली त्यांत आहे की नाही हेही त्यांना कळेना. नोंदीच्या कागदावर आहाराच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'साधं जेवण'. मी त्यावर बोट ठेवलं. सरांनी तो कागद घेतला, खोडलं, आणि शाळकरी पोरासारखं लिहिलं, 'बीट, तीन वेळा'.

त्याच हिवाळ्यात दादा गेले. आम्ही धारला गेलो. दिवस झाल्यावर वहिनी, दादांच्या पत्नी, ओसरीवर बसल्या होत्या. नऊ वर्षं त्यांनी एकटीनं दादांचं केलं होतं. दादा पडले की त्या रस्त्यावर जाऊन येणाऱ्याजाणाऱ्याला हात करत. घरात मोटार उभी होती, चालवणारे हात थरथरत होते. सर त्यांच्यापाशी बसून काहीतरी शास्त्रातलं सांगत होते, की आणखी काही वर्षांत हे आधी ओळखता येईल, बहुधा.

वहिनी म्हणाल्या, "आधी कळलं असतं ना भाऊजी, तर मी गाडी शिकून घेतली असती."

 किराणावाल्याच्या प्रश्नाचं उत्तर सरांना त्या ओसरीवर मिळालं, असं मला वाटतं. औषधांचं, प्रयोगांचं उत्तर ते इतकी वर्षं शोधत होते, आणि हे इतकं साधं होतं. मला रडू आलं. दादांसाठी आलं, वहिनींसाठी आलं, आणि समोर मान खाली घालून बसलेल्या त्या माणसासाठीही आलं.

बसमध्ये त्यांनी पिशवीतून यादीचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. "मी आता विचारणार नाही. तू बघ. मला सांगू नकोस. फक्त, माझा नंबर त्यात असला तर तुझ्या काकूला स्कूटर शिकव."

"आणि नसला तर?"

"नसला तर चाललंय तसं चालू दे."

पाकीट दोन दिवस माझ्या कपाटात पडून होतं. तिसऱ्या दिवशी मला पुन्हा राग आला. काकूंना स्कूटर यायला सरांचा मेंदू बिघडायला कशाला हवा? पाकीट तसंच ठेवून मी माझी स्कूटर काढली आणि काकूंच्या दारात उभी केली. काकू परगावी असलेल्या मुलाचे जुने बूट घालून, साडी खोचून आल्या. "एकदम काय गं हे?" म्हणत बसल्यासुद्धा. सर गॅलरीत पेपर वाचत होते. त्यांनी आम्हाला पाहिलं, पेपराची घडी केली आणि आत गेले.

तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघायची अक्कल मला हवी होती. नव्हती. मी काकूंचे ब्रेक सांभाळण्यात गुंग होते.

दुसऱ्या दिवसापासून सर गोड वागायला लागले. चौकीदाराला स्वतःची छत्री दिली. धाकट्या पातीकडच्या एका चुलत भावाशी त्यांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं, त्याच्याकडे जाऊन दोन तास बसून आले. घराचे कागद, गॅसचं पुस्तक, सगळं काकूंना उघडून दाखवलं. मी म्हटलं, "सर, मी धारचे फॉर्म आणायला भूलूनच गेले," तर म्हणाले, "असू दे." तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी स्वतः चहा केला आणि मला "बाळ" म्हटलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हातातला कप मी खाली ठेवला.

"सर, मी पाकीट उघडलंच नाहीये."

सरांनी खिडकीतून बाहेर उभ्या स्कूटरकडे पाहिलं.

"मग ती स्कूटर?"

"नंबर असो की नसो, काकूंना यायलाच पाहिजे म्हणून. तुम्ही बघाल, काय समजाल, याचा विचारच नाही केला मी. माफ करा सर."

सर उभे राहिले. आवाज एवढा चढला की चौकीदार धावत आला. "तीन दिवस! तीन दिवस मी निरोप घेत हिंडतोय, आणि पाकीट बंद!" मग त्यांनी माझ्या तीन दिवसांतल्या सगळ्या चुका एकामागून एक काढल्या. भूलून, देर, मालूम, एकही सोडली नाही. मी खुर्चीत बसून रडत होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

ओरडून दमल्यावर ते बसले. निवलेला चहा त्यांनीच पिऊन टाकला.

"उघडू का सर?" मी विचारलं. "देव्यांचं मी बघून घेईन."

 त्यांच्या तोंडावर हो येऊन परत गेलेलं मी पाहिलं. "नको," शेवटी म्हणाले. "या तीन दिवसांत मी जे केलं, त्यातलं काही परत घ्यावंसं वाटत नाही. त्या चुलत भावाचं सोडून. नंबर असता तरी याहून वेगळं काय केलं असतं? ठेव तुझ्याकडेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्याबरोबर मैदानावर आले. मागचं कॅरियर मी धरते म्हटलं, तर मला बाजूला सारून त्यांनी स्वतः धरलं. काकू घाबरल्या होत्या. स्कूटर निघाली, सर मागे धावले, दहा पावलं, पंधरा पावलं, मग धापा टाकत माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. काकू एकट्याच पुढे जात होत्या. मला हसू येत होतं.

"धरलंय ना हो?" काकूंनी मागे न बघता विचारलं.

"धरलंय," सर जेवढं जमेल तेवढं मोठ्यानं ओरडले, कारण काकू मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला पोचल्या होत्या.